दिवेलागणीला न काढायचा शब्द

‘वाटोळं’ या शब्दाला कोशात नाश, धूळधाण असे अर्थ दिलेले असतात. कोश लिहिणारी मंडळी आमच्या मोठेबाबांना भेटलेली नव्हती. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सेलूजवळच्या आमच्या भाजीच्या मळ्याचे कारभारी आणि ओसरीवरच्या बाजेचे कायमचे रहिवासी.

त्यांच्या तोंडी या शब्दाला उसंत नव्हती. वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, वाटोळं. आणे जाऊन नवे पैसे आले, वाटोळं. चहात साखर जास्त पडली तरी तेच. मात्र एकदा मेथीच्या वाफ्यांत पाणी सोडून ते स्वतः आंब्याखाली घोरत पडले आणि सगळी मेथी कुजून गेली, तेव्हा ती देवाची मर्जी होती. वाटोळं नेहमी दुसऱ्यांच्याच हातून व्हायचं.

या शब्दाचा खरा उपयोग नकार देण्यासाठी होता. कारण सांगायचे कष्ट वाचत. कोणी काही मागितलं की ‘घराचं वाट्टोळं करता काय’ म्हणायचं आणि कूस बदलायची. माझे वडील, एरवी शहाणे गृहस्थ, एवढ्यावर मान खाली घालून मळ्यात निघून जात. मला त्याचा अजून राग येतो.

माझी थोरली बहीण सातवी पास झाली आणि वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं म्हणू लागली. नाव घालायची मुदत संपत आली होती, आणि ती टळली की पोरगी पाहायला पाहुणे येणार हे ठरलेलं होतं. तिचं पुढचं सगळं आयुष्य मोठेबाबांच्या त्या एका शब्दाला टांगलेलं होतं. दुपारी ती ओसरीकडे निघाली तशी आईने तिचा हात धरला. ‘‘आता नको. दिवा लागला का मंग इचारजो.’’

मोठेबाबा जगात एकाच गोष्टीला भीत. तिन्हीसांजेला वास्तुपुरुष घरावरून फिरतो आणि कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणतो, अशी त्यांची पक्की समजूत. देवापाशी दिवा लागला की ते अभद्र बोलत नसत, आम्हालाही बोलू देत नसत.

त्या संध्याकाळी बहिणीने दिवा लावला, रोजच्यासारखी त्यांच्या पाया पडली आणि विचारलं, ‘‘मोठेबाबा, मी शिकाले वर्धेले जाऊ काय?’’

त्यांचं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग त्यांनी दिव्याकडे पाहिलं, वर आढ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. त्या शब्दावाचून नाही कसं म्हणायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वडिलांनी जन्मात पहिल्यांदा संधी साधली. दादांची ना नाही, म्हणजे जायला हरकत नाही, असं ते भिंतीकडे पाहत म्हणाले. सकाळी ओसरीवर वाटोळ्याचा सपाटा सुरू झाला, पण तोवर बहीण पहाटेच्या गाडीने वर्ध्याला निघून गेली होती, ती नाव घालूनच परतली.

पुढे तिची पेटी भरताना मी आईला हसत विचारलं, तुला ही दिवेलागणीची युक्ती सुचली कशी. तिने लुगड्याची घडी पेटीत नीट बसवली.

‘‘लगन होऊन आली तवा मले सातवीले बसाचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुह्या बापाले मी दुपारी इचाराले लावलं होतं.’’