फरहानच्या चार ओळी

“या चार ओळी काढ,” मी म्हणालो.

“सर, बट दॅट इज द ॲन्सर,” फरहान म्हणाला.

दोहातल्या एका भारतीय शाळेत मी अकरावीला इंग्रजी शिकवायचो. कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप कुठल्या ना कुठल्या बांधकामाच्या साइटवर. फरहानचे अब्बा रत्नागिरीकडचे, स्टेडियमवर फोरमन. राहायचे शहराबाहेर, अल खोरच्या कामगार कॅम्पात. दोहातल्या बिन महमूद भागातल्या घरी यायचे शुक्रवारी, तेही जमलं तर.

अभ्यासाला एका प्राचीन ग्रीक महाकाव्यातला उतारा होता. बाप युद्धावरून वीस वर्षं परतलेला नाही. आईशी लग्न करायला टपलेली माणसं घरात ठाण मांडून खातायत. एक दिवस मुलगा भरसभेत उभा राहून त्यांना ‘निघा’ म्हणतो आणि बापाच्या शोधात जातो. प्रश्न होता : हा मुलगा मोठा नेमका कधी होतो?

फरहाननं शेवटी लिहिलं होतं : ‘आमच्या हॉलमध्ये पार्टिशन टाकून तीन माणसं ठेवली आहेत. अम्मी किचनचं दार लावून जेवते. मी अजून काही बोललेलो नाही. म्हणजे मी अजून लहान आहे.’

त्या आठवड्यात मॉडरेशन होतं. म्हणजे आम्ही दिलेले मार्क योग्य आहेत का, हे बाहेरचे लोक तपासतात. त्यासाठी नमुन्याचे पेपर पाठवायचे, त्यात फरहानचाही होता. कोऑर्डिनेटर मॅडम दारात उभ्या.

“सर, यल्ला, चला लवकर! तुमचीच फाइल राहिलीय. इतकं काय वाचताय, प्रेमपत्र आहे का?”

परवानगीशिवाय भाडेकरू ठेवणं तिथे चालत नाही. “कुणी चौकशी केली तर अब्बांची नोकरी जाईल,” असं मी फरहानला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण ओल्ड एअरपोर्ट भागातल्या माझ्या फ्लॅटमधली एक खोली मीही अशीच दोघांना दिली होती. चौकशी मला नको होती. अम्मी दार का लावते, हे मी विचारलंच नाही.

मधल्या सुट्टीत त्यानं नवं उत्तर आणून दिलं. नीटनेटकं. मी वीसपैकी एकोणीस दिले.

पंधरा दिवसांनी त्याच्या अब्बांचा फोन आला.

“सर, पोरगा कंपनीच्या बसमधून साइटच्या गेटवर येऊन उभा राहिलाय. काल त्या तिघांना ‘निघा’ म्हणाला. एकानं मारलं. ओठ फाटलाय.”

मी उठून दार लावून घेतलं.

“आधी सरांना सांगितलं होतं म्हणतो. तुम्ही काय केलंत?”

“मार्क दिले,” मी म्हणालो.

पलीकडे मशीनचा आवाज येत राहिला. “शुक्रन, सर,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भाडेकरू गेले, एकट्याच्या पगारात फ्लॅट झेपेना. वर्ष संपताच अम्मी आणि फरहान रत्नागिरीला परतले. मॉडरेशनमध्ये त्याचा एकही मार्क कमी झाला नाही.

आता कुठलाही पेपर मी आधी लाल पेन बाजूला ठेवून वाचतो. चांगली सवय आहे. फरहानला तिचा काही उपयोग नाही.