बूटलोडरचं कुलूप

ईलिंग रोडवर साड्यांच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात एकजण फोन दुरुस्त करायचा. मी मराठी आहे हे कळताच तो मराठीत बोलू लागला. परमुलखात कोणी अशी जवळीक साधली, की मी आधी खिसा चाचपतो.

माझ्या जुन्या फोनला अपडेट येणं बंद झालं होतं. "बूटलोडर अनलॉक करून, म्हणजे ते कंपनीचं कुलूप काढून, नवी सिस्टिम टाकून द्या," मी म्हटलं.

चष्मा कपाळावर सरकवत त्याने विचारलं, "आत काय आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही हो. पण हे कुलूप उघडलं की फोन आतलं सगळं पुसून टाकतो. चोराने उघडलं, तरी त्याच्या हाती काही लागू नये म्हणून."

आत बाबांचे पुण्याहून आलेले व्हॉइस मेसेज होते. "पोचलास का?" एवढेच. आता तसं विचारणारं कोणी नाही.

त्याने फोन माझ्याकडे सरकवला. "आधी कॉपी करून घ्या. इथे नको, घरी करा."

हातचं गिऱ्हाईक कोण घालवतं? माझा संशय वाढलाच. मेसेज जागेवर आहेत ना, हे बघायला मी पिन टाकू लागलो, तसं त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तरीही मी स्क्रीनवर तळहात आडवा धरलाच.