दप्तरीबाईंचा चाकू

कोर्टाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, जुन्या कागदपत्रांची एक लांबलचक खोली होती. तिथे दप्तरीबाई एकोणतीस वर्षं काम करत होत्या. निकाल लागलेल्या खटल्यांचे कागद जुळवायचे, कडेला टोच्याने भोकं पाडायची, जाड दोऱ्याने शिवायचं, गठ्ठे बांधून मांडणीवर चढवायचे आणि कुणी मागितले की तेच गठ्ठे उतरवून पुन्हा सोडायचे. त्यांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बाकी शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांच्या त्या दप्तरीबाईच.

अंगाने काडी, आणि आवाज इतका मऊ की समोरच्याला दर वाक्याला "काय म्हणालात?" विचारावं लागे. अशा बाईच्या पिशवीत चाकू असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण होता. घडीचा, लाकडी मुठीचा, पितळी खिळ्याचा. वडील झाडांची कलमं बांधायचे, त्यांच्या हातातला. घासून घासून पातं मूळच्या निम्म्यावर आलेलं. बाई नोकरीला लागल्या त्या दिवशी वडिलांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "भांडणात काढशील तर आधी तुझंच बोट कापेल. कामात काढशील तर जन्मभर पुरेल."

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ट्रंक आवरताना तो चाकू टणकन फरशीवर पडला, आणि नेमका सासूबाईंच्या पायाशी. सासूबाईंनी चाकूकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. संध्याकाळी मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जरा सांभाळून बोलत जा हं तिच्याशी." नवरा पुढे कित्येक वर्षं हे आठवून हसायचा. सासूबाई मात्र चांगल्या आठ दिवस खोलीला कडी लावून झोपल्या. नवव्या दिवशी लोणच्याच्या बरणीचं झाकण काही केल्या निघेना. बाईंनी पातं कडेला सरकवलं, हलकेच उचकटलं आणि फस्सकन झाकण वर आलं. तेव्हापासून सासूबाईंची हाक ठरलेली, "अगं, तुझं ते इकडे आण गं." मरेपर्यंत त्यांनी त्याला चाकू म्हटलं नाही. कायम "तुझं ते."

तर असा तो चाकू रोज कोर्टात जात होता, दिवसभर गाठी सोडत होता आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी चिरत होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग एका सोमवारी कोर्टाच्या फाटकावर तपासणीचं यंत्र बसलं.

यंत्राबरोबर एक नवीन हवालदारबाईही आल्या. उंच, खांद्याने रुंद, चेहरा असा की हसू त्यांना शेवटचं कधी आलं होतं ते त्यांनाच आठवत नसावं. दप्तरीबाईंची पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्राने कोकलायला सुरुवात केली. हवालदारबाईंनी पिशवीत हात घातला. डबा निघाला, छत्री निघाली, चष्म्याचं घर निघालं. आणि मग तो.

"हे काय?"

"चाकू," दप्तरीबाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"चाकू आहे हो."

"तो दिसतोय मला! कोर्टात कशाला?"

"कापायला."

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, पण रांग मात्र दोन हात मागे सरकली. सगळ्यांत मागे सरकले ते एक वकील. कोर्टात ते बोलायला लागले की खिडक्यांच्या काचा थरथरत, म्हणून सगळे त्यांना गडगडाट म्हणत. ते हातातली बॅग छातीशी धरून खांबाच्या आड उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "आधी ते मिटवा! मिटवा ते!"

चाकू मिटलेलाच होता.

हवालदारबाईंनी तो टेबलाच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि दप्तरीबाईंना आत सोडलं. पण बातमी त्यांच्या आधीच आत पोचली होती. दुपारी बाई चहाच्या टपरीवर गेल्या तर चहावाला गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होता, "हा एवढा सुरा! साडीत लपवून आणला होता म्हणे. तीन नंबरच्या न्यायाधीशांवर डोळा होता तिचा."

"अगंबाई!" दप्तरीबाई म्हणाल्या. "मग पकडली का?"

"चौघांना आवरेना म्हणे! पैलवान बाई आहे. तुम्ही जरा जपून हो, तुमचं आपलं नाजूक काम."

बाईंनी चहा संपवला, त्याचे आभार मानले आणि खोलीत येऊन दार लावून इतक्या हसल्या की मांडणीला हात टेकून उभं राहावं लागलं. मग शिवायला बसल्या, दोरा तोडायला सवयीने पिशवीत हात घातला, आणि हसू थांबलं. हात रिकामाच बाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या अधीक्षकांनी बोलावलं. भला माणूस, पण नियमाच्या बाहेर पाऊल पडलं तर पाय मुरगळेल अशी भीती बाळगणारा. ते म्हणाले, "बाई, चाकू घरी ठेवून या. मी तुम्हाला कात्री देतो."

कात्री आली. नवीकोरी, लाल मुठीची. पण घट्ट गाठीच्या खाली कात्री जाते कुठे? दोऱ्याबरोबर कागद कापायची भीती. दिवसाला चाळीस गठ्ठे सोडणाऱ्या बाई पंचविसावर आल्या आणि बोटांची पेरं सुजली. अधीक्षकांना हे दिसत होतं, पण नियम म्हणजे नियम.

आणि तरी बाई चाकू घरी ठेवायला तयार होईनात. रोज सकाळी फाटकावर स्वतःहून काढायच्या, टेबलावर ठेवायच्या, हवालदारबाईंकडून चिठ्ठी घ्यायच्या. संध्याकाळी चिठ्ठी द्यायची, चाकू घ्यायचा. "एवढा उपद्व्याप कशाला?" हवालदारबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या, "घर ते कोर्ट अर्ध्या तासाचा रस्ता आहे. रस्त्यातही कामं निघतात माणसाला."

पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी बाईंनी घरी पातं उघडलं तर मोसंबीचा वास आला. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीचा भुगा. तिसऱ्या दिवशी फाटकावर गेल्या, तर हवालदारबाईंच्या अंगठ्याला हे एवढं बँडेज.

बाईंनी चाकू पुढे केला, पण सोडला नाही.

"काल काय कापलंत?"

हवालदारबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. एवढी धिप्पाड बाई, पण शाळेत चोरून खाताना सापडलेल्या पोरीसारखी खाली बघायला लागली. "सफरचंद," ती पुटपुटली. "आणि मग... मिटताना..."

"अंगठा पात्याच्या वाटेत ठेवला. तसंच होणार. इकडे या."

आणि मागे रांग खोळंबली असताना दप्तरीबाईंनी हवालदारबाईंना चाकू कसा मिटायचा ते शिकवलं. मूठ तळहातात, बोटं बाहेर, दुसऱ्या हाताने पातं ढकलायचं. दुपारी चहाच्या वेळी फाटकाबाहेर पुढचा धडा झाला: चिनी मातीचा कप उपडा करायचा आणि बुडाच्या खरखरीत कडेवर पाणी लावून पातं घासायचं. चहावाला त्या दोघींकडे आणि आपल्या कपाकडे बघत राहिला. ती पैलवान बाई कोण, हे बहुधा तेव्हा त्याच्या ध्यानात आलं असावं. त्या दिवसापासून तो दप्तरीबाईंना चहा जरा अदबीनेच द्यायला लागला.

मग एका दिवशी पावणेबाराच्या सुमाराला एक गोष्ट घडली. गुरुवार होता. खुर्च्यांना वेत विणणारे एक म्हातारे आजोबा धापा टाकत आले. त्यांच्या कामाच्या जागेचा खटला होता. बारा वाजता पुकारा होणार होता आणि मूळ करारपत्र आज दाखवलं नाही तर न्यायाधीश पुढची तारीख देणार नव्हते. वकील होते गडगडाट.

"कागद कुठाय?" गडगडाट गरजले.

"कोटात."

"काढा मग!"

"काढता येत नाही हो. शिवलाय."

आजोबांचं डोकं म्हणजे चाळणी. मागच्या खेपेला कागदांची पिशवी ते बसमध्येच विसरून आले होते. या वेळी आजीबाईंनी बंदोबस्तच करून टाकला. करारपत्र कोटाच्या अस्तरात घालून वरून बारीक टाक्यांनी शिवून टाकलं, आणि दोरा कुठला, तर खुर्च्यांच्या कामातला, मेण लावलेला. कोट हरवायचा तर आजोबाच हरवावे लागले असते.

गडगडाटांनी दोरा ओढला. हाताने तुटेना. किल्लीने उसवेना. शेवटी दातांनी प्रयत्न केला, तर दाढेतली चांदी निघायची पाळी आली. पट्टेवाला पंचिंग यंत्र घेऊन आला. दोन शिकाऊ वकिलांनी नेलकटर आणलं, त्याचाच दांडा वाकला. सगळ्या इमारतीत धारेचं म्हणून काही उरलं नव्हतं. "कात्री!" कुणीतरी म्हणालं, म्हणून दप्तरीबाईंना खालून बोलावून घेतलं.

त्यांनी अस्तर चाचपलं. "कात्रीचं टोक जाड आहे," त्या म्हणाल्या. "आत कागद अगदी चिकटून आहे. कात्री घातली तर करारपत्राची झालर होईल."

"मग करायचं काय?" गडगडाटांनी विचारलं, पहिल्यांदाच न गरजता.

सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खणात चाकू होता, खणाला कुलूप होतं आणि कुलपासमोर हवालदारबाई होत्या.

"मला तो आत देता येत नाही," हवालदारबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "माझी नोकरी जाईल हो."

"आत कुठे मागतेय मी?" दप्तरीबाईंनी सकाळची चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मी बाहेर चाललेय. माझी वस्तू मला द्या. आजोबा, कोट घ्या नि या."

हवालदारबाईंनी इतक्या झटकन कुलूप काढलं की किल्ली हातातून उडाली.

फाटकाबाहेरच्या पायऱ्यांवर दप्तरीबाई बसल्या. मांडीवर कोट पसरला. अस्तर ताणून धरायला माणूस हवा होता, आणि पुढे झाले ते गडगडाट. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी कापड ताणून, पात्यापासून चार बोटांवर नाक आणून बसले. बाईंनी टोक टाक्याखाली सरकवलं, धार वर करून उचललं. टक. दुसरा. टक. भोवती माणसं गोळा झाली. गडगडाटांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एकदाच ते कुजबुजले, "बाई, वेळ..."

"श्वास रोखू नका," बाई म्हणाल्या. "कापड हलतंय."

सव्वीस टाके. करारपत्र बाहेर आलं तेव्हा त्याच्या कडेला ओरखडासुद्धा नव्हता. गडगडाट ते डोक्यावर धरून पळत सुटले. साठीचा माणूस एवढा पळू शकतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मागून आजोबा नुसत्या सदऱ्यावर निघाले. बाईंनी चाकू मिटला, टेबलावर ठेवला आणि नवी चिठ्ठी घेतली.

तासाभराने आजोबा खाली दप्तरात आले. करारपत्र मानलं गेलं होतं, जागेतून त्यांना कुणी उठवणार नव्हतं. ते दारातच घुटमळले. "बाई, आणखी एक काम होतं. अस्तर तेवढं परत शिवून द्याल? असं उसवलेलं बघितलं तर मला घरात घेणार नाही ती."

"तिला सांगा, टाके सुंदर होते," बाई म्हणाल्या आणि सुई घेऊन बसल्या. शिवणं हा तर त्यांच्या हातचा मळ.

अधीक्षकांना हे कळायचं राहिलं नाही. त्यांनी दोन दिवस विचार करून तोडगा काढला. चाकू सरकारी सामानाच्या नोंदवहीत चढवायचा, "कागद सोडवण्याचे साधन, नग एक", म्हणजे तो आत वापरता येईल. नाव लिहायला त्यांनी पेनही उघडलं.

"म्हणजे तो रात्री कुठे राहणार?" दप्तरीबाईंनी विचारलं.

"अर्थातच इथे. सरकारी वस्तू घरी कशी नेणार?"

"मग राहू द्या साहेब. वडिलांना मी सरकारजमा करणार नाही."

अधीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नियम वाचण्याऐवजी नियम शोधला, आणि पुढच्या आठवड्यात परवानगीचं पत्र आलं: बाईंची खासगी वस्तू, कामाच्या वेळेत, कामाच्या खोलीपुरती. गठ्ठे पुन्हा चाळिसावर गेले.

यात एकच माणूस हिरमुसला. हवालदारबाईंचा खण रिकामा झाला होता. दोन-तीन दिवस त्यांना सफरचंद तसंच दातांनी तोडून खाताना बघितलं आणि दप्तरीबाई म्हणाल्या, "रविवारी मोकळ्या आहात का?"

रविवारी दोघी बाजारात गेल्या. दुकानदाराने आधी फुलाफुलांच्या मुठीच्या सुऱ्या काढल्या, मग गुलाबी रंगातल्या. दप्तरीबाई मान हलवत राहिल्या. शेवटी मागच्या फळीवरून एक साधा, घडीचा, काळ्या मुठीचा निघाला. बाईंनी पातं उघडलं, कानाशी धरून अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला. "हा," त्या म्हणाल्या. हवालदारबाई दुकानाबाहेर पडेपर्यंत खिसा तीनदा चाचपून बघत होत्या.

समोरच्या बागेत बाकावर बसून हवालदारबाईंनी पेअर सोलायला घेतलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई विणकाम करत होत्या. त्यांनी त्या आडदांड बाईच्या हातातलं चमकतं पातं पाहिलं, लोकरीचा गुंडा उचलला आणि पार कडेला सरकल्या. हवालदारबाई एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. लोकांना मागे सारायची त्यांना सवय होती, पण ती फाटकावर, गणवेशात. आपल्या फळाला कुणी घाबरेल हे त्यांना नवीन होतं.

"आता काय करायचं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. पातं आपल्याकडे ठेवा, फोड त्यांच्याकडे करा."

हवालदारबाईंनी चाकू मांडीवर ठेवला आणि तळहातावर फोड धरून हात लांब केला. त्या बाईंनी जरा वेळ घेतला. मग सुया एका हातात धरल्या, फोड उचलली, चावली.

"गोड आहे," त्या म्हणाल्या, आणि बाकावर वीतभर अलीकडे सरकल्या.