केसरबाईंचा पुदिना

कोळशाच्या खाणींच्या घुग्घुसमध्ये झाडांना पाणी घालायची रीत ठरलेली आहे. आधी पानांना अंघोळ, मग मुळांना पाणी. रात्रीतून कोळशाची भुकटी पानापानावर बसते. ती धुतल्याशिवाय कोथिंबीरही ओळखू येत नाही. केसरबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे करत होत्या. आपल्याइतकी लख्ख पानं गल्लीत कुणाची नाहीत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मागच्या अंगणात त्यांचा पुदिना, सब्जा, ओवा आणि गवती चहा. मुलगा राजदीप खाणीत कामाला. मोटारसायकल ठेवण्यासाठी त्याला सगळं अंगण फरशीखाली घालायचं होतं. या उन्हाळ्यात पुदिना पिवळा पडला आणि त्याला आयतंच निमित्त मिळालं.

"आई, मेलेल्याले पाणी पाजून काय होते? माही शिफ्ट बदलली का जाफरभाऊले बोलावतो मी."

जाफर म्हणजे गल्लीतला गवंडी.

"तोवर पुदिना फुटला नाई तं खुशाल टाक फरशी," केसरबाई म्हणाल्या. "फुटला तं वाफ्याले हात लावाचा नाई."

"पक्कं?"

"तुह्या बापालेही मी एक गोष्ट दोनदा सांगत नव्हती."

त्यांनी पाणी वाढवलं. पुदिना आणखीच पिवळा झाला. शेवटी सून रिना भांडी घासता घासता म्हणाली, "आई, तुमचं पाणी वाफ्यात कुठी राह्यते? पुरं इथी मोरीत येऊन राह्यलं."

केसरबाईंनी खुरपं आणून वाफ्यात खुपसलं. वर पापडासारखा काळा थर निघाला. खालची माती कोरडी ठणठणीत. पानांवरून धुतलेली भुकटी वाफ्यातच साचत होती आणि सुकून घट्ट बसत होती. दरवर्षी होळीनंतर त्या वाफा खणून काढत. यंदा गुडघ्यापायी राहून गेलं होतं.

"काय झालं, आई?"

"काई नाई. मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं."

हळहळत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी थर खरवडून फेकला, माती मोकळी केली. दुसऱ्या दिवसापासून अंघोळीच्या वेळी बुंध्याभोवती जुनं पोतं अंथरू लागल्या. पानं धुवायची, काळं पोतं उचलून मोरीत पिळायचं, मग सावकाश मुळाशी तांब्या ओतायचा.

"झाडाले टॉवेल द्याचाच राह्यला," राजदीप म्हणाला.

"देईन. तुहाच देईन."

शिफ्ट बदलली. सकाळीच जाफर घमेलं, खुंट्या आणि आखणीची दोरी घेऊन आला. राजदीप वाफ्यापाशी वाकला. पिवळ्या काड्यांच्या बुडाशी बारीक हिरवे कोंब निघाले होते.

"चारच तं कोंब हायेत."

"फुटला का नाई ते सांग."

"फुटला. पण गाडी कुठी ठेवू मंग?"

"गवती चहा कुंडीत घालते मी. ती जागा तुही."

जाफरने उन्हाकडे पाहिलं. "मायलेकाचं ठरलं का सांगा बाप्पा. दोरी कुठी धरू?"

"इथी, जाफरभाऊ." केसरबाईंनी दोरीचं एक टोक घेऊन वाफ्याच्या वीतभर बाहेर टेकवलं. दुसरं टोक राजदीपने धरलं आणि हळूच वाफ्याकडे सरकवलं. केसरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. राजदीपने टोक मागे नेलं.

"आता ठोक खुंटी," त्या जाफरला म्हणाल्या, आणि तांब्या भरायला निघाल्या.