शेठच्या गाडीला हमरापूरचे गाल

गॅरेजच्या मागं भंगार साठतं तसे किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि विकत कुणी घेत नाही. हा मात्र शंभर टक्के खरा, पोरांची शपथ. सगळा माझ्या डोळ्यांदेखत घडला. थोडा भाग मी चहाला गेलो असताना घडला, पण तोही डोळ्यांदेखतच.

*

पंचाण्णव-शहाण्णवचा सुमार. वडखळला माझं डेंटिंगचं गॅरेज. रोह्याचे एक शेठ, धाटावला त्यांची कंपनी. उघड्या टपाची तांबडी स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोन माणसं बसली की गाडी फुल्ल. सोबत परदेशी मासिकातला फोटो. तसलीच गाडी, पण चारही मडगार्डं फुगवलेली आणि खाली हे रुंद टायर.

"मिस्त्री, अशी करून पायजे."

पेणपासून रोह्यापर्यंत असं काम कुणी केलेलं नव्हतं. ते माझ्या नावावर लागलं पाहिजे, एवढंच डोक्यात बसलं. आठवडाभर पत्रा ठोकला. शेठ आले, गाडीभोवती फिरले आणि शांतपणे म्हणाले, "हे मडगार्ड हाय का हंडा?"

*

नेमका तेव्हा प्रकाश तिथं उभा. हमरापूरचा मूर्तिकार, टेम्पोचं दार दुरुस्त करायला आलेला.

"गाडीचे गाल फुगवायचेत ना?" तो म्हणाला. "मातीत करून दाखवू?"

दोन दिवसांत त्यानं मडगार्डावर शाडू थापून, ओल्या हातानं फिरवून आकार काढला. हुबेहूब फोटो. आता त्यावरून प्लास्टरचा साचा, आणि साच्यातून फायबरचे पॅनल. शेठ खूश. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्याच गिऱ्हाइकाला, माझ्याच स्टुलावर बसून तो पठ्ठ्या समजावत होता.

*

बायको चहा घेऊन आली. पहिला कप त्याला, वर खारी.

मी म्हटलं, "अगो, मी पण हितंच हाय."

"तुमी काय, रोजचेच," ती म्हणाली.

*

प्रकाश कधी टेप लावायचा नाही. डोळे मिटून डाव्या गालावर हात फिरवायचा, मग उजव्या. मी तो जेवायला गेल्यावर गुपचूप मोजलं. दोन्ही बाजूंत सुताचा फरक नाही. तरी तो आल्यावर म्हटलंच, "डावा जरा जास्त सुटलाय."

"दादा, तुमचा पण डावा सुटलाय. आरशात बघा."

मी तंबाखूची गोळी उजवीकडं सरकवली.

*

पॅनल तयार झाले. प्रकाश म्हणाला, "गाडी हमरापूरला आणा, माझ्या शेडमध्ये बसवू."

"गाडी माझ्या गॅरेजमधूनच बाहेर पडणार," मी म्हटलं. मूळ मडगार्डं कापली, रिवेट मारले, पुट्टी भरली, रंग मारला. हे सगळं माझ्या हातचं. शेठ दुपारी येऊन गाडी अलिबागला नेणार होते. सकाळी मी शटर वर केलं, गाडी स्टार्ट केली, आणि पुढचे दोन्ही गाल दाराच्या खांबांना जाऊन टेकले.

प्रकाशही गाडी बघायला आलेला. "दार मोजलं नाय?"

"आत आली तेव्हा मावली होती."

"आमच्याकडं मातीला हात लावायच्या आधी दार मोजतात, दादा. मोठी मूर्ती असली तर पुढची भिंतच चटईची ठेवतात. सोडली की झालं."

माझी भिंत विटांची होती. घण मीच उचलला. दुपारपर्यंत एक खांब आणि निम्मी भिंत खाली आली. तोवर वडखळ नाक्यावरचे लोक जमले, एसटीतले उतरून आले. धुळीतून ती तांबडी गाडी अशी काही बाहेर आली की कंडक्टर घंटी मारायची विसरला.

शेठ त्याच वेळी पोचले. भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. गालावरून हात फिरवत म्हणाले, "कोणाचं काम हे?"

शंभर माणसं ऐकत होती. मी प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "याचं."

*

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. हंडा खरा, खारी खरी, भिंतही खरी. फक्त ते "याचं" मी आत्ता जोडलं.

तेव्हा मी म्हणालो होतो, "आपलंच काम, शेठ."

प्रकाशनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकून, गाडीच्या वाटेतल्या विटा उचलायला लागला.