वांडची वेगळी चूल

काल लाईट गेली आणि रियाजभाई परत आला.

खरंच सांगतोय, ह्या वेळी मस्करी न्हाय.

रियाजभाई बोर्ली पंचतनचा. दुबईत नेटवर्किंग शिकून आलेला. आम्ही दोघं रिसॉर्टांची वायफायची कामं घ्यायचो. तो डोकं, मी शिडी.

मला व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे, त्यानेच समजावलं.
"बघ, स्विच, ह्या सगळ्या वायरी जोडायचा डबा, म्हणजे एक घर. पाहुण्यांची चूल वेगळी, ऑफिसची वेगळी, कॅमेऱ्यांची वेगळी. एकाने दुसऱ्याच्या टोपात डोकावायचं न्हाय."

मी मात्र डोकावायचो.
किहीमच्या रिसॉर्टला पाहुण्यांच्या टीव्हीवर मोबाईलवरून कोंबडा आरवायला लावला. भर दुपारी.

भाईने लगेच नवा व्हीलॅन बनवला. त्यात वायर लावायचा एकच पोर्ट, माझा. नाव दिलं 'वांड'.

"भाई, वाळीत टाकलंस मला?"
"व्हय. आता आरव एकटाच."

आणि प्रत्येक कामाच्या शेवटी तेच.
"सेव्ह केलंस का रे शैतान? लाईट काय तुझ्या बापाची हाय?"
मी विसरलेलो असायचोच. मग तोच बिस्मिल्ला म्हणून सेव्ह करायचा.

काल किहीमच्या त्याच रिसॉर्टला गेलो, एकटा. नवीन कॉटेज जोडायची होती. जुनं सगळं उडवलं, नवीन मांडलं. त्यात 'वांड' पण उडवला. रिकामाच होता ना.

चहाला गेलो. लाईट गेली.

आलो तर स्विच परत चालू झालेला आणि माझी सगळी मेहनत गायब. सेव्ह कुठे केलेलं?

स्क्रीनवर भाईने शेवटचं सेव्ह केलेलं जसंच्या तसं.
खाली 'वांड'.

हसलो यार. मग हसता येईना.

आता परत सगळं मांडून सेव्ह दाबलं की भाईचं पुसलं जाणार. बोट चालेना.

बाहेरून मॅनेजर वैनी ओरडल्या, "अरे मेल्या, पाहुणे आले! झालं का न्हाय?"

परत सगळं केलं.
फक्त 'वांड' ठेवला.
बिस्मिल्ला म्हणालो. दुसरं काय म्हणतात ते मला कुठे माहितीय.
सेव्ह केलं.

मग लॅपटॉप माझ्या जुन्या पोर्टला लावून बसलो जरा. आत कोणीच न्हाय. मी एकटा.

आज तुला जाऊन वर्ष झालं, भाई.
कोणीतरी ओरडायला पायजे रे.

सेव्ह केलंय. आता लाईट गेली तरी तू जात न्हायस.

सलाम, रियाजभाई.
तुझा वांड.