तिच्या जागेवर मी

मावशींचं नाव इथं सगळ्यात आधी लिहिणार होते. त्याच म्हणाल्या, "नको गो बाय, लोक हसतील." म्हणून नुसतं मावशी. रत्नागिरीत कोळंबी सोलायच्या कारखान्यात त्या माझ्या शेजारच्या टेबलावर असतात. त्या नसत्या तर मी सामान बांधून बीडला परत गेले असते.

नववीत शाळा सुटली आणि मी घाट उतरून इथं आले. ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळी खोलीवर फोनवर पिक्चर बघायची, शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींचे, परदेशातले, हिंदीत डब केलेले. पोरगी दुसरीच कुणीतरी म्हणून वावरते, पोरगा फसतो, प्रेमात पडतो. मला मेलीला धीर नाही, मी शेवट आधी बघते. भरल्या हॉलमध्ये ती मुखवटा काढते, तो रुसतो, मग धावत येतो, सगळे टाळ्या वाजवतात. एवढं कळलं की मग जिवाला घोर नाही.

कारखान्यात आम्हा सगळ्यांनाच टोपी, मास्क, पांढरा एप्रन, गमबूट. दिसतात ते डोळे. बर्फ आणणारा एक जण माझ्या टेबलाशी थांबायचा. "हात बधिर झाले असतील, चोळ जरा." मी मान हलवायची. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच. एकदा म्हणाला, "शनिवारी दापोलीच्या गाडीत जागा धरू काय?" आमचं गाव कुठं, दापोली कुठं! मला वाटलं, फिरायला बोलावतोय. चहाच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर जाऊन मास्क खाली ओढला.

तो एक पाऊल मागं सरला. "अरे, सॉरी हां. त्या टेबलाला ती असायची ना, आमच्या गावची? ती कुठंय आता?"

माझ्या आधी तिथं उभी राहणारी पोरगी पॅकिंगला गेली होती. मीच हात करून दाखवलं. धावतच गेला, अगदी पिक्चरसारखा. पिक्चरमध्ये मुखवट्यातली पोरगीच शेवटी त्याची होते, जिच्या नावानं ती वावरते त्या दुसरीला कुणी विचारत नाही. इथं ती दुसरी खरीच होती, आणि शेवट तिचा होता.

मावशी डबा घेऊन जवळ येऊन बसल्या. मी म्हणाले, "मी जाते घरी."

"जा की. पन आदी तुजा नाव सांग."

इतके महिने शेजारी, पण नाव कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मग रडले.

"गप गो. आमच्या ह्यांनी लग्न झाल्यावर माज्या भैनीला, ती मीच समजून, हाक मारलान. डोक्यावरून पदर, वळकणार कसा? तरी झाला ना संसार!"

दुसऱ्या दिवसापासून मावशी मशीनच्या आवाजावर आवाज चढवून मला नावानं हाक मारतात. काम नसलं तरी. आता इतर बायकाही मारतात.

मावशींनी घाट कधी चढलेला नाही. एक दिवस मी त्यांना आमच्या गावी नेणार. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नसेल. तेव्हा वेशीपासून आईच्या दारापर्यंत, भेटेल त्याला, त्यांचं नाव मी मोठ्यानं सांगणार.